कापड वाचायला शिकताना

दुकानात तागा उलगडला की गिऱ्हाईक साधारण तीन गोष्टी करते. कापड मुठीत चुरगळून पाहते, काठावर छापलेले नाव वाचते आणि भाव विचारते. या तिन्ही गोष्टींचा माग ज्या क्षणी कापड विणतो त्या क्षणाशी फारसा संबंध नाही. हाताला लागणारा करकरीतपणा बऱ्याचदा खळीचा किंवा शेवटी दिलेल्या तकाकीचा असतो. काठावरचे नाव विकणाऱ्याचे असते. भावात तर वाहतुकीपासून दुकानाच्या भाड्यापर्यंत सगळे आलेले असते. कापड किती टिकेल, किती आटेल आणि शिवल्यावर कसे बसेल हे ठरते सुताने आणि विणीने. या दोन्ही गोष्टी कापडावरच लिहिलेल्या असतात. मागाची प्रत्येक हालचाल कापडावर खूण सोडते आणि ती खूण वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. एक सुई, फूटपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, वाटीभर पाणी आणि खिडकीतला उजेड एवढे पुरते. मात्र माग कसा चालतो हे आधी माहीत हवे, नाहीतर खूण समोर असूनही दिसत नाही.

हे शिकायला भिवंडीइतके योग्य गाव नाही. ठाणे जिल्ह्यातले हे कामवारी नदीकाठचे शहर यंत्रमागांसाठी देशभर ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकर कुटुंबांनी इथे हातमाग मांडले आणि विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर विणाईचे बरेचसे काम इकडे वळले. पण भिवंडीच्या मागावरून उतरते ते मुख्यतः कोरे कापड, ज्याला धंद्यात ‘ग्रे’ म्हणतात. त्याचे धुणे, रंगवणे आणि छपाई बरेचदा दुसऱ्या गावी होते, नाव तिसऱ्याच ठिकाणी लागते आणि ते विकले जाते चौथ्या ठिकाणी. अंगावरचा सदरा भिवंडीत विणला गेला असला तरी तसे त्यावर कुठे लिहिलेले नसते. ज्या कापडाला स्वतःचे नाव नाही ते पारखायचे तर कापडालाच विचारावे लागते.

साध्या यंत्रमागाचे काम तीन हालचालींत सांगता येते. बीमवर गुंडाळलेले हजारो उभे धागे, म्हणजे ताणा, मागाच्या मागच्या बाजूने पुढे येतात. वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यांत ओवलेले हे धागे अर्धे वर उचलले जातात, अर्धे खाली दाबले जातात आणि मधे बोगद्यासारखी फट तयार होते. त्या फटीतून धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि जाता जाता तो आडवा धागा, म्हणजे बाणा, मागे सोडतो. मग फणी पुढे येऊन तो धागा विणलेल्या कापडाला घट्ट ठोकते. वरचे धागे खाली जातात, खालचे वर येतात आणि धोटा परत फिरतो. साधा माग हे मिनिटाला सुमारे दीडशे वेळा करतो. लोखंडी टोकांचा तो लाकडी धोटा साधारण ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने सुटतो आणि मीटर-दीड मीटरवर जाऊन थांबतो. यंत्रमागाच्या शेडमधला कान बधिर करणारा आवाज मुख्यतः या फेकण्याचा आणि अडवण्याचा असतो. एवढ्या गडबडीनंतर कापड किती होते? इंचाला साठ आडवे धागे असतील तर मिनिटाला अडीच इंच, म्हणजे माग एकदाही न थांबता तासाला जेमतेम पावणेचार-चार मीटर. एका सदऱ्याचे कापड विणायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो, हे दुकानात उभे राहून सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ताणा आणि बाणा यांचे आयुष्य अगदी वेगळे असते आणि वाचनाची सुरुवात इथून करावी. ताण्याचा धागा ओढून धरलेला असतो. वहीच्या डोळ्यात आणि फणीच्या दातांत तो कापड होण्याआधी शेकडो वेळा घासला जातो. तो तुटू नये म्हणून त्याला आधी सायझिंगमध्ये खळ दिलेली असते आणि त्याचे सूतही सहसा मजबूत, जास्त पिळाचे निवडतात. बाण्याला असला जाच नसतो, म्हणून तो थोडा मऊ, कमी पिळाचा आणि कधी हलक्या सुताचाही चालतो. ज्याला सुतात पैसे वाचवायचे आहेत तो बाण्यात वाचवतो, कारण ताण्यात वाचवले तर धागे तुटून मागच उभा राहील. म्हणून कापडाची परीक्षा दोन्ही दिशांनी स्वतंत्रपणे करावी. काठाला समांतर धागे ताण्याचे असतात. काठ नसलेल्या तुकड्यात दोन्ही दिशांना झटका देऊन पाहावे. ज्या दिशेला कापड कमी ताणते आणि टणक आवाज देते, ती बहुधा ताण्याची. मग कडेचा एकेक धागा सुईने ओढून पीळ उलगडावा. त्यातून लांब तंतू निघाले तर सूत चांगले. चिमटीत धरताच कापसाच्या धुळीसारखे तुकडे होऊन सुटले तर ते आखूड तंतूंचे सूत आहे. त्या कापडावर चार धुण्यांत लव उठेल, आणि पॉलिएस्टरची भेसळ असेल तर ती लव गळून न पडता तिचे गोळे होतील.

यानंतर काठ पाहावा, कारण तो मागाची ओळखच सांगतो. धोट्याच्या मागावर आडवा धागा तुटत नाही. तो काठाशी वळसा घेऊन परत येतो, त्यामुळे काठ बंद आणि गुळगुळीत होतो. रॅपियर किंवा एअरजेट मागावर धोटाच नसतो. तिथे एका बाजूने पट्टीच्या टोकाला धरून किंवा हवेच्या झोताने प्रत्येक आडवा धागा स्वतंत्रपणे आत नेतात आणि कापतात. तिथे काठाला दोऱ्यांची झालर दिसते किंवा टोके आत दुमडून काठ जाडसर केलेला असतो. वॉटरजेट मागावर हेच काम पाण्याची पिचकारी करते. म्हणून तो माग पॉलिएस्टर किंवा नायलॉनलाच मानवतो, कारण सुती ताण्याची खळ पाण्याने सुटून जाईल. काठ बंद असला म्हणजे कापड उत्तम, असा समज परदेशी जीनच्या निमित्ताने आपल्याकडेही पसरला आहे. तो खरा नाही. बंद काठ फक्त एवढेच सांगतो की कापड धोट्याच्या मागावर झाले. उलटा समजही तितकाच चुकीचा आहे. यंत्रमागाचे कापड हलके आणि नव्या मागाचे भारी, असे सर्रास बोलले जाते. नवा माग वेगाने आणि कमी दोषांसह विणतो हे खरे, पण आखूड तंतूंचे सूत आणि विरळ वीण दिली तर एअरजेटवरही विरविरीत कापडच उतरेल. जुन्या मागावर चांगले सूत, योग्य फणी आणि लक्ष देणारा कारागीर असेल तर त्या कापडाला नावे ठेवायला जागा राहत नाही.

दोष वाचणे हा या विद्येचा सर्वांत उपयोगी भाग. कापड खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरावे, मग आडवे धरून त्यावरून तिरकी नजर टाकावी. काठाला समांतर जाणारी लांब फट किंवा रेघ दिसली तर ताण्याचा एखादा धागा तुटून तसाच राहिला आहे किंवा फणीत चुकीचा ओवला गेला आहे. हा दोष तागाभर चालू राहू शकतो, म्हणून पुढचे दोन-तीन मीटरही उलगडून पाहावेत. या काठापासून त्या काठापर्यंत जाणारा आडवा पट्टा दिसला तर त्याचे कारण माग थांबून पुन्हा सुरू होणे हे असते. माग उभा असताना ताणलेले धागे सैलावतात आणि विणीची कड जागची किंचित सरकते. चालू करताना पहिले काही ठोके पूर्ण वेगाचे नसतात. तिथे वीण जरा विरळ किंवा जरा दाट होते. कोऱ्या कापडात हे फार जाणवत नाही, पण रंग चढला की पट्टा उठून दिसतो.

माग थांबतो तरी कशामुळे? ताण्याचा धागा तुटला की थांबतो, वीज गेली की थांबतो आणि कांडी संपली की थांबतो. यातल्या तिसऱ्या कारणाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा पन्हा ४८ इंच आहे, बाण्याला २० नंबरचे सूत आहे, कांडीवर ३० ग्रॅम सूत भरले आहे आणि इंचाला ६० आडवे धागे आहेत. या नंबरचे सूत ग्रॅमला सुमारे ३४ मीटर भरते, म्हणजे कांडीवर हजार मीटरपेक्षा थोडे अधिक. पन्हा सव्वा मीटरच्या आत, म्हणून धोट्याच्या सुमारे ८३० फेऱ्या. इंचाला ६० प्रमाणे ते झाले १४ इंच कापड. मिनिटाला दीडशेच्या वेगाने कांडी साडेपाच मिनिटांत संपते आणि कामगाराला माग थांबवून नवी कांडी घालावी लागते. एकेका कामगाराकडे असे अनेक माग असतात. म्हणून कापडात फूट-दीड फुटाच्या साधारण सारख्या अंतराने आडव्या रेघा दिसल्या तर त्या कांडी बदलण्याच्या खुणा आहेत, असा अंदाज बांधायला हरकत नाही. पट्टे वाटेल तिथे, अनियमित असतील तर धागे तुटत होते किंवा वीज जात होती. पहिल्या प्रकारच्या रेघा सहसा सौम्य असतात आणि घरगुती वापराला बाधत नाहीत. दुसऱ्या प्रकारात सूतच कच्चे असण्याची शक्यता असते, आणि ते कापड सोडून द्यावे.

व्यापारी कापडाचे वर्णन आकड्यांत करतात आणि तो आकडा विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकालाही आहे. ६० × ६० / ९२ × ८८ असे लिहिले असेल तर ताण्याचे सूत ६० नंबरचे, बाण्याचेही ६० नंबरचे, इंचात उभे धागे ९२ आणि आडवे ८८. हे कॅम्ब्रिकचे परिचित माप आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात ती संख्या. ४० नंबरचे सूत पौंडाला ३३,६०० वार, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये तीस किलोमीटरहून अधिक लांब असते. नंबर वाढेल तसे सूत बारीक होते. पॉलिएस्टरच्या डेनिअरचे मात्र उलटे आहे. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड. आडवे-उभे धागे स्वतः मोजायला व्यापारी एक इंची चौकटीचे भिंग वापरतात. तेही नको असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने फूटपट्टीसह अगदी जवळून फोटो घ्यावा, अर्ध्या इंचातले धागे मोजावेत आणि दुप्पट करावेत.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पलंगपोसांच्या पाकिटांवर हजार-हजार धाग्यांचे आकडे असतात. मग ९२ आणि ८८ मिळून १८० धाग्यांचे कॅम्ब्रिक हलके म्हणायचे का? मुळीच नाही. दिलेल्या जाडीचे धागे एका इंचात किती बसतील याला भौमितिक मर्यादा आहे. हजाराचा आकडा बऱ्याचदा दोन-तीन पदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजून किंवा एकाच फटीत अनेक बारीक धागे एकदम घालून येतो. धाग्यांची संख्या सुताच्या नंबरासोबतच वाचावी. बारीक सूत आणि कमी धागे असतील तर कापड विरळ. जाड सूत आणि खूप धागे असतील तर ते पुठ्ठ्यासारखे. कोणत्याही एका आकड्यावर निर्णय करू नये. दोन्ही दिशांचे आकडे फार दूरचे असतील तर विचारावे. पॉपलीनसारख्या कापडात उभे धागे मुद्दामच जास्त ठेवतात, पण साध्या विणीत बाणा फारच विरळ असेल तर काटकसर कुठे झाली ते कळते. अशा कापडाचे धागे शिवणीपाशी सरकतात. कापडावर दोन्ही अंगठे शेजारी ठेवून उलट दिशांना ताणावे. फट पडून ती तशीच राहिली तर ते अंगाला बसणाऱ्या कपड्यासाठी घेऊ नये.

आता खळ. मागावर खळ हा सुताचा आधार असतो, पण मागावरून उतरल्यावर तिचे काम संपते आणि ती धुऊन काढायची असते. विरळ कापड भरगच्च दिसावे म्हणून शेवटी पुन्हा खळ, कधी पांढरी मातीही चढवली जाते, तेव्हा गिऱ्हाईक वजनात फसते. कापड दोन्ही हातांत धरून जोरात चोळावे. पांढरी पूड झडली तर शंका खरी. आणखी खात्री हवी असेल तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब काठाच्या टाकाऊ कडेवर टाकावा. स्टार्च असेल तर डाग निळा-काळा होतो. स्टार्चऐवजी दुसरी खळ वापरली असेल तर तिचा पत्ता यातून लागेलच असे नाही, म्हणून वजनाची परीक्षा अधिक भरवशाची. दोन मीटर लांब आणि ४४ इंच पन्ह्याचे कापड सव्वादोन चौरस मीटरच्या जवळपास भरते. त्याचे वजन २६८ ग्रॅम आले तर चौरस मीटरला सुमारे १२० ग्रॅम. आता ते कोमट पाण्यात साबण घालून धुवावे, पूर्ण वाळवावे आणि पुन्हा तोलावे. चार-पाच ग्रॅमचा फरक चालेल. पंचवीस-तीस ग्रॅम गेले तर तेवढी खळ सुताच्या भावाने घेतली. दोन्ही वजने एकाच हवामानात करावीत. कापूस हवेतले पाणी ओढतो, प्रमाणित हवेत कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के. त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात तोललेले कापड आणि उन्हाळ्यात तोललेले तेच कापड सारखे भरत नाही. त्याच ओलाव्यामुळे सुती धागा मजबूत होतो आणि मागावर कमी तुटतो, म्हणून विणाईला दमट हवा मानवते.

त्याच धुण्यात आटण्याचीही परीक्षा उरकावी. धुण्यापूर्वी कापडावर पेन्सिलीने किंवा दोऱ्याच्या टाक्यांनी ५० सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखावा. वाळल्यावर मोजताना जितके सेंटिमीटर कमी भरतील त्याच्या दुप्पट टक्के कापड आटले. उभ्या दिशेला ते बहुधा जास्त आटेल. याचे कारणही मागावरच आहे. ताणा आयुष्यभर ओढलेला असतो. पाणी लागताच सूत फुगते, ताण सुटतो आणि धागा आपल्या मूळच्या वळणावर येतो. प्रक्रियेत कापड आधीच दाबून आटवण्याची सॅनफोरायझिंग नावाची पद्धत १९३० च्या सुमारास अमेरिकेत निघाली. ती नीट केलेले कापड घरी एखाद्या टक्क्यापेक्षा जास्त आटत नाही. तीन टक्क्यांपेक्षा जास्त आटणारे कापड घेतलेच असेल तर शिवायला टाकण्याआधी धुवावेच.

कापड कशाचे आहे हे पाहायला बरेचजण धागा जाळतात. पद्धत चांगली आहे, पण अर्धवट वापरली तर फसवते. ताण्याचे आणि बाण्याचे धागे वेगवेगळे घ्यावेत, कारण एक सुती आणि दुसरा पॉलिएस्टर असू शकतो. चार-पाच धाग्यांचा पीळ चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळावा, शेजारी पाणी ठेवावे आणि मुलांना दूर ठेवावे. वितळलेले पॉलिएस्टर कातडीला चिकटून भाजते. कापूस कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि कडक काळा मणी उरतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. राख आणि मणी दोन्ही मिळाले तर मिश्रण आहे. अडचण येते ती व्हिस्कोज रेयॉनची, कारण ते जळते कापसासारखेच. तिथे पाणी कामाला येते. एक धागा ताणून धरावा, मधला भाग थुंकीने किंवा पाण्याने ओला करावा आणि हळूहळू ओढावे. कापूस ओला झाला की बळकट होतो आणि धागा कोरड्या भागात तुटतो. व्हिस्कोज ओले झाले की दुबळे पडते आणि ओल्या जागीच तुटते. सुती म्हणून विकलेल्या रेयॉनच्या कुर्तीचे सत्य या एका ओढीत समजते.

हे सगळे दुकानात कोण करू देईल, असे कोणी म्हणेल. काठ पाहणे, उजेडात धरणे, अंगठ्याने फट पाहणे, चोळणे आणि धागे मोजणे यांना कोणाची परवानगी लागत नाही आणि चांगला दुकानदार त्याला हरकतही घेत नाही. जाळणे, तोलणे आणि धुणे घरी करावे. पडदे, चादरी किंवा लग्नातले आहेराचे कापड असे मोठे काम असेल तर आधी अर्धा मीटर विकत आणावे. ते पैसे वाया जात नाहीत. तयार कपड्यात काठ मिळत नाही हे खरे, पण आतली शिवण उलटून पाहिली की दुमडीत कच्चे धागे सापडतात आणि सूत, पीळ आणि विणीची दाटी तिथेही वाचता येते. रंगाची परीक्षा तर तयार कपड्यात सर्वांत सोपी. पांढरा ओला रुमाल आतल्या बाजूने दहा-बारा वेळा घासावा, रंग रुमालावर उतरतो की नाही ते लगेच दिसते.

शिवायला देण्यापूर्वी एक काम मात्र विसरू नये. कापडाच्या टोकापासून एक आडवा धागा सुईने उचलून या काठापासून त्या काठापर्यंत ओढून काढावा. त्याच्या जागी जी बारीक रेघ पडते ती काठाशी काटकोनात आहे का पाहावी. रंगाई-धुलाईत ओढले गेल्याने बाणा तिरका किंवा धनुष्यासारखा वाकलेला असतो आणि दुकानदाराने फाडून किंवा कात्रीने कापून दिलेली कड काहीही दाखवत असली तरी ही रेघ खोटे बोलत नाही. ती तिरकी आली तर ओलसर कापडाचे आखूड पडणारे कोपरे तिरक्या दिशेने ओढून सरळ करता येतात. फरक दोन-तीन इंचांचा असेल तर शिंप्याला तसे सांगून ताण्याच्या रेषेवर बेतायला लावावे, नाहीतर पायजम्याचा एक पाय पहिल्याच धुण्यात पिळून पुढे येतो. बेतून उरलेली काठाची चार बोटे पट्टी फेकू नये. तिच्यावर दुकान, भाव, पन्हा आणि धुण्याआधी-नंतरचे वजन लिहून ती वहीत चिकटवावी. पुढच्या खेपेला तसेच कापड घेताना दोन काठ शेजारी ठेवून पाहता येतात.